जास्तीचे वीस अंश

शाळेची दोन माणसं घरी आली होती. शाळेला बरीच वर्षं झाली म्हणून पुस्तक काढणार आहेत. तुम्ही सगळ्यात जुने शिपाई, तर तात्यासाहेबांच्या आठवणी लिहून द्या, म्हणाली. तात्यासाहेब म्हणजे शाळेचे तेव्हाचे अध्यक्ष. मी दोघांना चहा दिला. चहा मीच केला, कारण बायको जाऊन आता वर्ष होत आलं. साखर जास्त पडली असणार, एकानं निम्मा कप तसाच ठेवला. मी म्हणालो, तात्यासाहेबांचा पुतळा आहे, फोटो आहे, हॉलला नाव आहे, अजून काय पाहिजे त्यांना? मी अक्कांवर लिहितो. ती दोघं एकमेकांकडं बघायला लागली. अक्का कोण, म्हणाली.

तिथंच माझं डोकं फिरलं.

तर हे अक्कांवर आहे. छापायचं तर छापा, नाहीतर रद्दीत घाला. मी चौथी शिकलोय, त्यातलं शेवटचं वर्ष मेंढरांमागं गेलं. सांगोल्याकडची आमची माणसं, मेंढरंवाली. मला गोड लिहिता येत नाही. माझी बायको हौसा असती तर तिनं सांगितलं असतं आणि मी उतरवून घेतलं असतं. तिला माझ्यापेक्षा जास्त आठवायचं. आता मला आठवतं तेवढंच राहिलं.

अक्कांचं गाव अक्कलकोटच्या पुढं, पार हद्दीवरचं. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की परत कानडी. मस्टरवर मोठं नाव होतं, पण ते कुणी घेत नव्हतं. पोरी बाई म्हणायच्या, बाकी सगळे अक्का. अंगानं उंच, हाडापेरानं थोराड. इरकली लुगडं, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि हातात काळी छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी बघितली नाही. सोलापूरचं ऊन डोक्यावर घेऊन त्या चालत यायच्या आणि वर्गात गेल्या की छत्रीचं टोक फळ्यावर टेकवायच्या. एवढ्यासाठीच ती होती.

त्या आल्या तेव्हा नवीन दहावी सुरू झाली होती. त्याआधी मुलींना भूमिती टाळता यायची. बऱ्याच टाळायच्या, आणि शाळाही खुशाल टाळू द्यायची. पोरींना काय करायचेत त्रिकोण, असं मास्तर लोकच म्हणायचे. नवीन दहावीत ती सोय गेली. आमच्या मुलींच्या शाळेत भूमितीला उभं राहायला कुणी तयार होईना, म्हणून अक्कांना घेतलं. दोन वर्षं काम बघू, मग कायम करू, असं संस्थेनं सांगितलं होतं. हे कायम होणं म्हणजे काय ते नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. अक्कांना मागं कुणी नव्हतं, पुढं कुणी नव्हतं. ती सही झाली तर जन्माची भाकरी, नाही झाली तर परत ट्रंक उचलायची.

पहिल्याच दिवशी शाळेचा लाकडी कंपास सापडेना. अक्का म्हणाल्या, बिराप्पा, सुतळी आण. मी आणली. सुतळीच्या एका टोकाला खडू बांधला, दुसरं टोक अंगठ्यानं फळ्यावर दाबलं आणि बघता बघता पतंगाकृती काढली. मी व्हरांड्यात घंटेखाली बसायचो, वर्गाचं दार समोरच. तिथं बसून मला जेवढी भूमिती आली तेवढी सांगतो. पतंगाकृती म्हणजे असा चौकोन, की वरच्या दोन बाजू एकमेकींएवढ्या, खालच्या दोन बाजू एकमेकींएवढ्या, पण वरच्या वेगळ्या आणि खालच्या वेगळ्या. त्यात डावीकडचा आणि उजवीकडचा कोन सारखा असतो. वरचा आणि खालचा सारखा नसतो. एवढंच. पण एवढ्यावरनं काय काय झालं ते पुढं येतंय.

अक्कांनी तो पतंग आडवा काढला होता. एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, बाई, आकृती पडलीय.

"पडली न्हाय, झोपली हाय," अक्का म्हणाल्या. "तू झोपतीस तवा तुझं नाक बदलतंय काय?"

दुसऱ्या दिवशी तोच पतंग उलटा, खाली डोकं वर पाय. पोरी म्हणाल्या, पुस्तकात उभा आहे. अक्का म्हणाल्या, उभं राहायला तो काय हवालदार हाय?

पोरींची खोड वेगळीच होती. त्या गाईड पाठ करायच्या. गाईडात चौकोनाच्या कोपऱ्यांना अ, ब, क, ड अशी नावं असायची, आणि ब चा कोन ड एवढा, हे त्यांनी देवाच्या आरतीसारखं पाठ केलेलं. अक्कांनी नावं फिरवली, अ जिथं होता तिथं ब टाकला, तर पोरींनी वरचा कोन खालच्याएवढा करून ठेवला. अक्षर बघायच्या, आकृती बघायच्याच नाहीत. मग अक्कांनी अ ब क ड बंदच केलं. पहिल्या बाकावरच्या पोरींची नावं कोपऱ्यांना द्यायच्या. शांताचा कोन पारूएवढा का, सांग. दोघी एकमेकींकडं बघून लाजायच्या, पण आकृती बघायच्या.

"कोनाकडं आदी जाऊच नका," असं त्यांचं रोजचं. "बाजू बघा. कुटल्या दोन बाजू सारक्या, ते बघा. कोन पळून जात न्हाय." आणि कुणी गाईडातलं घडाघडा म्हणायला लागलं की छत्री वर करून म्हणायच्या, साकु. कानडीत साकु म्हणजे पुरे. आठवड्याभरात अख्खी शाळा एकमेकींना साकु म्हणायला लागली.

त्यांचा एक नियम होता. फळा ज्यानं लिवला त्यानंच पुसायचा. मी एकदा सवयीनं डस्टर घेऊन वर्गात गेलो, तर छत्री आडवी आली. म्हणाल्या, मी लिवलंय, ते चुकलं का बरुबर ते मला दिसू दे, मग मीच पुसीन. तेव्हापासून त्यांच्या फळ्याला मी हात लावला नाही.

लग्न झालं होतं का, झालं असेल तर नवरा कुठं, हे कुणाला माहीत नव्हतं. एकदा चित्रकलेच्या मास्तरांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, अक्का, तुमचे मालक कुठं असतात? अक्का पेपर तपासत होत्या. त्यांनी निम्मा गठ्ठा उचलून मास्तरांसमोर ठेवला आणि म्हणाल्या, एवढे तपासून द्या, मग सांगते. मास्तरांनी काही पेपर तपासले नाहीत, त्यामुळं आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या चाळीत शेजारची खोली रिकामी होती. गिरणीचा भोंगा वाजला की भांडी वाजायची इतकी जवळ. अक्का तिथं राहायला आल्या. हौसाला आधी त्या पटल्या नाहीत. नळावर आपली घागर रांगेत ठेवायच्या आणि खोलीत जाऊन वाचत बसायच्या. कुणी घागर मागं सरकवली की बाहेर येऊन कानडीत असं काही बोलायच्या की बायका आपणहून घागर पुढं करायच्या. हौसा म्हणायची, बाई हाय का फौजदार.

हौसा घरी चादरींच्या दशा वळायची. कारखान्यातनं चादरी यायच्या, त्यांच्या टोकाचे सुटे दोरे मांडीवर पीळ देऊन वळायचे. काम तात्यासाहेबांच्याच कारखान्याचं. एका रविवारी दुपारी ती दारात दशा वळत बसली होती आणि अक्का उंबऱ्यावर शेंगा सोलत होत्या. हौसानं विचारलं, अक्का, तुमी दिवसभर त्या पोरींवर एवढं वरडता, तर ते हाय तरी काय?

अक्कांनी वर्तमानपत्राचा कागद घेतला, दुमडला, फाडला, पतंग झाला. हौसाच्या हातात दिला. म्हणाल्या, हिला मधनं उभी घडी घाल. हौसानं घातली. डावी बाजू उजवीवर तंतोतंत बसली, कोपऱ्यावर कोपरा. आता उलगड आणि आडवी घडी घाल. हौसानं घातली. खालचं टोक वरच्याच्या पुढं आलं, बसेना. तिनं परत घातली. परत बसेना. चादरींच्या घड्या घालून घालून तिचा हात बसलेला, तिला ते सहन होईना.

"कागद वाकडा फाडलाय तुमी," हौसा म्हणाली.

"न्हाय. तो असाच असतोय. कडंचे दोन सारके. वरचा-खालचा सारका न्हाय. किती पण घडी घाल."

हौसानं पतंग उलगडून मांडीवर पसरला आणि बघत राहिली. मग म्हणाली, "कळलं. कडंला दोन भाऊ. वर सासू, खाली सून."

अक्का हसल्या. मोठ्यानं हसल्या, शेंगा सांडल्या. म्हणाल्या, चारी बाजू सारक्या केल्या तर सासू-सून पण सारक्या हुत्यात. पण मग त्याचा समभुज चौकोन हुतोय, पतंग ऱ्हात न्हाय.

"आन घर तरी कुटं ऱ्हातंय," हौसा म्हणाली.

त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलं. मला त्यांच्यात जागा नव्हती. मी पाणी भरायचो.

दुसऱ्या वर्षी दहावीच्या पोरींची शाळेतली चाचणी झाली. आमच्या शाळेचा नियम असा, की चाचणीत नापास झालेल्या पोरीचा फॉर्म बोर्डाला पाठवायचा नाही. नियम तात्यासाहेबांनीच केलेला. निकाल चांगला दिसावा म्हणून. अक्कांनी पेपरात पतंग आडवा काढून घातला, आणि मार्कही त्यालाच जास्त. कडेचा एक कोन एकशेदहा अंश, टोकाचा एक कोन ऐंशी अंश, उरलेले दोन काढा. कडेचे दोन सारखे, म्हणजे दुसराही एकशेदहा. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज तीनशेसाठ, म्हणजे शेवटचा साठ. संपलं. पण अर्ध्याच्या वर पोरी पडल्या. गाईडात समोरासमोरचे कोन सारखे असं छापलेलं, ते घोकून लिहिणाऱ्या सगळ्या पडल्या. त्यात शैला पडली.

शैला तात्यासाहेबांची पुतणी. बाप नव्हता, तात्यासाहेबांनीच वाढवलेली. पोरगी गरीब स्वभावाची. माळशिरसकडच्या ऊसवाल्या घरात तिचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना दहावी झालेलीच सून पाहिजे होती. फॉर्म अडकला की लग्न अडकलं.

तात्यासाहेब शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत बसले. अक्कांना बोलावलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो, मला कुणी जा म्हटलं नाही, म्हणून मी गेलो नाही. आमचे हेडमास्तर भला माणूस, पण पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा हलायचा.

तात्यासाहेब गोड बोलायचे. म्हणाले, बाई, मी पेपर बघितला. पोरीनं समोरासमोरचे कोन सारखे लिहिलेत. एक जोडी बरोबर, एक जोडी चुकली. मग अर्धे मार्क द्यायला काय हरकत आहे? तेवढ्यात ती पास होते.

अक्का म्हणाल्या, "तिनं चार कोन लिवलेत. एकशेदहा, ऐंशी, एकशेदहा, ऐंशी. बेरीज करा."

तात्यासाहेबांनी केली नाही. हेडमास्तरांनी टेबलावर बोटानं केली आणि बोट काढून घेतलं.

"तीनशेऐंशी," अक्का म्हणाल्या. "चौकोनात तीनशेसाठ मावत्यात. हे वीस कुटनं आणले?"

"वीस अंशावरनं पोरीचं लग्न मोडायचं का, बाई?"

"लग्नाचं मला म्हाईत न्हाय. चौकोन मोडलाय, तेवढं मला दिसतंय. तुमच्या कारखान्यात चादरीचा एक काठ वीतभर लांब निघाला, तर अर्धी चादर बरुबर हाय म्हणून पेठेत धाडता काय?"

मी ट्रे घट्ट धरला. तात्यासाहेब हसले. त्यांचं हसणं मला कधी आवडलं नाही. म्हणाले, बाई, जूनमध्ये तुम्हाला कायम करायचंय ना? ती सही माझी असते.

"असूदे की," अक्का म्हणाल्या. "ती सही तुमची. मार्काखालची माझी."

आणि निघून गेल्या. चहा कुणीच प्यायला नाही.

दुपारी हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, बाईंच्या कपाटातनं भूमितीच्या पेपरांचा गठ्ठा आण. दुसरी किल्ली माझ्याकडं असायची. मी सरळ अक्कांकडं गेलो आणि सांगितलं, असं असं आणायला सांगितलंय, काय करू? मला वाटलं भांडतील. त्यांनी स्वतः कपाट उघडून गठ्ठा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, जा घेऊन. कागद त्यांचा, शाई त्यांची. कोन त्यांचे न्हाईत.

शाळेच्या फाटकापाशी एक मोठा काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी सुविचार लिहायचं काम माझं. माझं अक्षर चांगलं म्हणून मला दिलेलं. दुसऱ्या दिवशी मी खडू घेऊन फाटकाशी आलो, तर फळा आधीच लिहिलेला. मधोमध पतंगाकृती, आडवी, अशी सुबक की छापल्यासारखी. चार कोपऱ्यांना चार आकडे. एकशेदहा, ऐंशी, एकशेदहा, ऐंशी. खाली दोनच शब्द. बेरीज करा.

नाव कुणाचं नाही, गाव नाही.

आमचा रस्ता वर्दळीचा. गिरणीची पाळी सुटलेली. लोक सुविचार वाचत नसत, कारण तो वाचून काही करावं लागत नाही. हे वाचून थांबले. एक विणकर बाई डोक्यावर सुताचं गाठोडं घेऊन उभी राहिली आणि तेलगूत बोटं मोजायला लागली. अक्कलकोटहून आलेला दूधवाला कानडीत मोजत होता. टांगेवाल्यानं घोडा थांबवला, मोजलं, आणि मला म्हणाला, "तीनसौ अस्सी होरे की. उसमें क्या है?" मी म्हणालो, चौकोनात तीनशेसाठच असतात. त्यानं परत फळ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "फिर ये बीस कायकू जास्ती?" मागनं कुणीतरी हसलं. दहा वाजेपर्यंत फाटकाशी ही गर्दी. बेरीज तेलगूत केली, कानडीत केली, तरी तीनशेऐंशीच आली. आणि त्या गर्दीत तात्यासाहेबांच्या कारखान्याची माणसंही होती. गोष्ट कुणाच्या पेपरातली ते कुणी सांगितलं नव्हतं, पण हेडमास्तरांच्या खोलीच्या भिंतींनाही कान होते, आणि ते कान कुणाचे ते मी सांगत बसत नाही.

तात्यासाहेबांची गाडी आली. खाली उतरले, फळा बघितला. मला म्हणाले, पूस ते.

मी म्हणालो, "साहेब, हितं ज्यानं लिवलं त्यानंच पुसायचं, असं हाय."

बोलायचं ठरवलं नव्हतं. पण तोंडातनं गेलं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. माणसं बघत होती. मग त्यांनी स्वतःच्या हातानं फळा पुसला. कोटाची काळी बाही कोपरापर्यंत पांढरी झाली आणि तशीच घेऊन आत गेले. संध्याकाळपर्यंत शाळेच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, समोरच्या दुकानाच्या फळकुटावर पतंग निघाले होते, खडूचे, कोळशाचे, लहान-मोठे. सगळ्यांवर तेच चार आकडे. पोरींचं काम. त्या सगळ्यांच्या मागं हिंडून पुसणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

मार्कांना त्यानंतर कुणी हात लावला नाही. गावानं बेरीज केली होती. गठ्ठा परत आला.

पण अक्कांनी शैलाला तसंच सोडलं नाही. त्याच हेडमास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पडलेल्या सगळ्या पोरींची परत चाचणी घ्या. सगळ्यांची. एकटीची घ्याल तर मी पेपर काढणार न्हाय. हेडमास्तर तयार झाले. त्यांना कुणी काय करायचं ते सांगितलं की बरं वाटायचं.

मग आमच्या चाळीत पोरी यायला लागल्या. शाळा सुटली की अक्कांच्या खोलीत मावायच्या तेवढ्या खोलीत, बाकीच्या आमच्या दारात. शैला पहिले दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, डोळे सुजलेले, दाराबाहेरच उभी. अक्कांनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, चूक तुझी न्हाय, गाईडाची हाय. तू फकस्त ती खरी मानलीस. आता मानू नको. पोरगी तरी रडायची थांबेना. तेव्हा हौसा उठली, तिला आमच्या घरात नेलं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली, आणि वर्तमानपत्राचा पतंग फाडून तिच्या हातात दिला.

"हे बग पोरी," हौसा म्हणाली, "तू आता सासरला चाललीस. सासू आन सून सारकी धरलीस तर हितं पण नापास हुशील आन तितं पण."

शैला हसली. अक्षरसुद्धा न येणारी माझी बायको तिला पतंगाची घडी घालून दाखवत होती आणि अक्का दारातनं बघत होत्या. मला तेव्हा वाटलं होतं, असंच चालू राहावं.

परत चाचणी झाली. बऱ्याच पोरी सुटल्या. शैला चांगल्या मार्कांनी सुटली. ज्या नाही सुटल्या त्यांना अक्कांनी परत नापास केलं, आणि त्यातल्या एकीच्या आईनं चाळीत येऊन शिव्या दिल्या त्या शांतपणे ऐकून घेतल्या. शैलाचा फॉर्म गेला, दहावी झाली, लग्न झालं.

आता कुणालाही वाटेल, तात्यासाहेबांचं काम झालं, राग गेला. तसं नसतं. मोठ्या माणसाला काम होण्यापेक्षा आपल्या शब्दानं काम होणं जास्त लागतं.

जून आला. संस्थेची बैठक झाली. हेडमास्तर बाहेर येऊन अक्कांना व्हरांड्यात, घंटेखालीच, हळू आवाजात म्हणाले, बाई, तात्यासाहेब तयार आहेत. तुम्ही फाटकावरच्या फळ्याबद्दल दिलगिरी लिहून द्या. दोन ओळी. आजच कायम करतात.

मी तिथंच होतो. मनात म्हणालो, अक्का, द्या लिहून. दोन ओळीत काय जातंय. जन्माची भाकरी आहे. खरंच म्हणालो मनात, खोटं कशाला सांगू.

"दिलगिरी कशाची?" अक्का म्हणाल्या. "बेरीज चुकली काय?"

हेडमास्तर म्हणाले, तसं नाही हो बाई.

"मग कसं?"

हेडमास्तर आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि म्हणाले, संस्थेला आता आपली गरज नाही. अक्का म्हणाल्या, बरं. दहावीच्या वर्गात तास होता. मी घंटा दिली, त्या आत गेल्या आणि पूर्ण तास घेतला. त्या दिवशी वर्तुळ होतं.

निरोपसमारंभ झाला नाही. हार नाही, नारळ नाही. केम गावात एक शाळा निघाली होती, तिथं कुणी भूमितीला तयार नव्हतं, तिकडं त्या गेल्या. ट्रंक मी स्टेशनवर पोचवली. पुढच्या आठवड्यात कारखान्यातनं हौसाला दशांचं काम यायचं बंद झालं. ती एक दिवस रिकाम्या हातानं दारात बसली. दुसऱ्या दिवशी साखर पेठेत जाऊन टॉवेलांचं काम घेऊन आली. मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, साकु.

चाळीतल्या बायका म्हणायच्या, बिचारी अक्का. हौसा उसळायची. बिचारी कुटनं? तिनं काय हारलं? ते सांगा की मला. अशीच होती ती. आता तीही गेली. लोक येऊन सांगतात, वय झालं होतं, सुटली. कशातनं सुटली? माझ्यातनं? तिला सुटायचं नव्हतं, तिला टॉवेल पुरे करायचे होते. जे बोलायचं ते नीट बघून बोलावं, एवढं तरी अक्कांकडनं शिकायला पाहिजे होतं या गावानं.

अक्कांना त्यानंतर एकदाच बघितलं. दोन-तीन वर्षांनी. हौसाच्या भावाकडनं, दौंडहून, आम्ही पॅसेंजरनं परत येत होतो. सकाळची वेळ. केमला गाडी थांबली. फलाटावर शाळेच्या पोरींचा घोळका, हातात कंपासपेट्या, बगलेत लिहायचे पुठ्ठे. दहावीची परीक्षा होती आणि केंद्र पुढं कुर्डुवाडीला. पोरी आमच्या शेजारच्या डब्यात चढल्या. आणि त्या डब्याच्या दारात अक्का. एक पाय पायरीवर, एक फलाटावर. केस पांढरे झालेले, बाकी सगळं तेच.

गार्ड शिट्टी मारत आला. म्हणाला, बाई, चढा नाहीतर उतरा.

"एक पोरगी यायची हाय," अक्का म्हणाल्या.

"एका पोरीसाठी गाडी थांबती का?"

"थांबलीच हाय की."

गार्डानं हिरवा झेंडा काढला. हौसानं खिडकीतनं डोकं बाहेर काढून हाक मारली, अक्का. अक्कांनी वळून बघितलं. हसल्या नाहीत, कशी आहेस विचारलं नाही.

"हौसा, तुज्या डब्यात साखळी हाय का?"

"हाय की."

"धर. गाडी हलली तर वढ."

मी म्हणालो, अगं, दंड पडंल, माझी नोकरी हाय. हौसानं पदर खोचला, लाकडी बाकावर चढली आणि दोन्ही हातांनी साखळी धरली. मला म्हणाली, तुमी गप बसा.

गार्डानं अक्कांकडं बघितलं, मग खिडकीतनं हौसाकडं बघितलं. लांब ज्वारीच्या रानातनं, बांधावरनं, एक पोरगी पळत येत होती. एका हातात चपला, एका हातात पेटी. अजून बरीच लांब होती. अक्का तिच्याकडं बघत उभ्या होत्या, पाय काढला नाही. गार्डानं झेंडा गुंडाळून काखेत धरला.

हौसानं साखळी सोडली नाही.